गोळीचें शिसें

पनवेलच्या बाजारांत शिसें कोठें नाहीं? खाडीकांठच्या कोळ्याच्या पागाला खालच्या कडेनें जी मण्यांची माळ असते ती शिशाची. जुन्या छापखान्यांत ज्यांना खिळे म्हणत, ते शिशाच्या मिश्रणाचे. गॅरेजच्या दारांत निकामी होऊन पडलेल्या बॅटरींतील पत्रे शिशाचे. एके काळीं हें गांव बैलगाडीच्या चाकांसाठीं नांवाजलेलें होतें. आज मुंबई-पुणें आणि मुंबई-गोवा या दोन्ही रस्त्यांवर येथून धांवणाऱ्या मोटारींच्या चाकांचा तोल राखण्यासाठीं कडेला जे लहान तुकडे ठोकतात, तेहि पुष्कळदां शिशाचेच असतात. रंग सर्वांचा करडा, आणि हातांत घेतलें तर सर्वच सारखें जड. त्यामुळें शिसें तें शिसें, त्यांत निवड ती कसली, अशी सामान्य समजूत आहे. घरगुती कामापुरती ती चालेलहि. पण हेंच शिसें ओतून त्याची गोळी केली व ती बंदुकींत भरली, म्हणजे या समजुतीची किंमत एखाद्या मुक्या जनावराला द्यावी लागते, आणि केव्हां केव्हां बंदूक धरणाऱ्यालाहि.

शिकारीचे दिवस संपले असतां गोळीच्या शिशाची चर्चा कशाला, असा प्रश्न येथें उभा राहील, आणि तो रास्त आहे. पनवेलजवळचें कर्नाळ्याचें पक्षी-अभयारण्य १९६८ सालीं झालें. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार आपल्या देशांत बंदच झाली. तरी ठासणीची बंदूक कायद्याच्या पुस्तकांतून गेलेली नाहीं. १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या तेराव्या कलमांत परवाना कोणाला द्यावा हें सांगतांना, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं वापरावयाची ठासणीची बंदूक, असा तिचा नांवानिशीं उल्लेख आहे. कोंकणांतील अनेक खेड्यांत अशा परवान्याच्या बंदुका अजून भिंतीला टांगलेल्या दिसतात. डोंगराच्या पायथ्याचें भात पोटरींतून बाहेर पडलें, कीं रानडुकरांचा कळप एका रात्रींत तें लोळवून टाकतो. आणि वनखात्याची रीतसर परवानगी मिळाली, तर अशा डुकराला मारतां येतें. बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पहिला हातांत असला म्हणजे दुसरी आपोआप मिळते, हा समज चुकीचा असून तो माणसाला तुरुंगापर्यंत नेऊं शकतो.

परवानगी मिळाल्यावर मात्र एकच गोष्ट महत्त्वाची उरते, ती ही कीं जनावर जागच्या जागीं पडलें पाहिजे. पोटांत गोळी घेऊन रानांत शिरलेलें डुक्कर तासन् तास तडफडतें, किंवा सकाळीं लांकडें आणावयास गेलेल्या बाईवर उलटतें. जनावर जागीं पडणें हें नेमावर जितकें, तितकेंच गोळीवर अवलंबून आहे. आणि गोळीचा गुण तिच्या शिशावर.

मुळांत गोळीला शिसेंच कां? शिसें पाण्याच्या सवाअकरा पट जड आहे. लोखंड सुमारें आठ पट. तेवढ्याच आकाराची गोळी शिशाची केली, तर ती अधिक जड होते, आणि जड वस्तूचा वेग हवेंत लवकर मरत नाहीं. वाऱ्यावर फेंकलेला चिंचोका व तेवढाच खडा यांत जो फरक, तोच हा. शिवाय शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें, म्हणजे निखाऱ्यांवर ठेवलेल्या लोखंडी पळींतहि त्याचें पाणी होतें. लोखंड ओतावयाचें तर भट्टी हवी. तिसरा गुण म्हणजे मऊपणा, आणि सारी मेख येथेंच आहे.

बंदुकीचा आणि शिशाचा संबंध इतका जुना आहे कीं, नळीचें माप सुद्धां शिशाच्या वजनानें सांगतात. 'बारा बोर' हा शब्द पुष्कळांच्या कानांवरून गेलेला असतो, परंतु बारा म्हणजे काय बारा, हें विचारलें तर उत्तर येत नाहीं. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी मावेल ती नळी बारा बोराची. अशा गोळीचें वजन ३७·८ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें सव्वातीन तोळे, व व्यास साडेअठरा मिलिमीटर होतो. एका पौंडांत वीस गोळ्या केल्या तर नळी वीस बोराची. तिची गोळी पावणेतेवीस ग्रॅमांची. म्हणून आंकडा वाढला कीं नळी लहान होते, हें जें नवख्याला विचित्र वाटतें, त्यांत कांहींच विचित्र नाहीं. यांतून आणखीहि एक हिशेब निघतो. व्यास दुप्पट केला, तर गोळीचें वजन दुप्पट होत नाहीं, आठपट होतें. गोल गोळीची शिकार ज्यांनीं केली, त्यांनीं मोठ्या नळीचा आग्रह कां धरला, याचें उत्तर या आठपटींत आहे.

आतां मऊपणाकडे वळूं. जानेवारी १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरनें कर्नाळा किल्ला घेतला, त्या काळच्या बंदुका ठासणीच्या होत्या: मराठी शिबंदीजवळ तोड्याच्या, कंपनीच्या शिपायांजवळ चकमकीच्या. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची. आधीं दारू, मग बोळा, मग गोळी, आणि सर्व गजानें दाबून बसवावयाचें. कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीचें तोंड पाऊण इंचाचें असे, आणि गोळी त्याहून सुमारें एक-सोळांश इंचानें लहान. असें मुद्दाम केलेलें होतें. काळ्या दारूची काजळी चार बारांत नळीच्या आंत धरते. नेमक्या मापाची गोळी मग आंत उतरत नाहीं, आणि रणांगणांत भरण्याचा वेग हाच जीव वांचवतो. परिणाम असा कीं, ती सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत आपटत बाहेर पडे, आणि शेवटच्या धक्क्यानें जिकडे वळेल तिकडे जाई. शंभर माणसांच्या रांगेवर बार टाकावयाचा तर ही चूक खपते. एका डुकराच्या खांद्यामागें वीतभर जागेंत गोळी लावावयाची, तर ती मुळींच खपत नाहीं.

यावर उपाय दोन निघाले, व दोन्ही मऊ शिशावर उभे आहेत. पहिला चिंधीचा. गोळी नळीपेक्षां केंसभर लहान करावयाची, तिच्याखालीं तेलाची किंवा मेणचरबीची चिंधी ठेवावयाची, आणि दोन्ही मिळून गच्च बसतील अशा बेतानें गजानें खालीं न्यावयाचीं. नळींत पिळाच्या खांचा असतील, म्हणजे ती रायफल असेल, तर चिंधी त्या खांचांत रुतते व गोळीला फिरकी देते. गोळी मऊ असेल तर चिंधीच्या विणीचा ठसा तिच्या अंगावर उमटलेला दिसतो, इतकी ती चिंधीला धरून असते. कठीण शिशाची गोळी हें करीत नाहीं. ती एक तर सैल राहते, नाहीं तर अर्ध्यावर अडकते. अर्ध्यावर अडकलेली गोळी ही ठासणीच्या बंदुकींतील सर्वांत वाईट गोष्ट आहे. दारू आणि गोळी यांच्यामध्यें पोकळी राहते, आणि बार काढला म्हणजे नळी त्या जागीं फुगते किंवा फुटते. ज्याच्या डाव्या हाताचीं बोटें त्या जागेखालीं असतात, त्याला शिशाची निवड किती महत्त्वाची होती, हें मागाहून कळतें. जाणत्या बंदूकवाल्याच्या गजावर एक खूण केलेली असते. गोळी तळाला बसली कीं ती खूण नळीच्या तोंडाशीं येते. खूण वर राहिली तर घोडा ओढावयाचा नाहीं.

दुसरा उपाय फ्रान्समधील कॅप्टन मिनिए याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याची गोळी १८४९ च्या सुमाराची. ही गोळी गोल नसून लांबट, व बुडाशीं पोकळ. भरतांना ती सैल असते, म्हणून झटकन आंत जाते. दारू पेटल्यावर वायूच्या दाबानें पोकळ बूड फुलतें आणि पिळांत घट्ट बसतें. येथें तर मऊ शिशाला पर्यायच नाहीं, कारण कठीण बूड फुलणार कसें? याच घराण्याची एन्फील्ड रायफल आपल्या इतिहासांत १८५७ सालीं शिरली. तिच्या काडतुसांवरील ज्या चरबीवरून रान पेटलें, ती चरबी शास्त्रदृष्ट्या एवढ्यासाठींच होती कीं, कागदांत गुंडाळलेली मऊ शिशाची गोळी काजळी धरलेल्या नळींतून सुखानें खालीं उतरावी. मेणानें आणि तेलानेंहि तें काम झालें असतें, व पुढें तसें केलेंहि गेलें. पण तोंवर उशीर झालेला होता.

पीळ नसलेल्या साध्या नळीची बंदूक असली तर मऊ शिसें नको काय? हवेंच, पण कारण निराळें आहे. गोळी जनावराला कशी मारते, याविषयीं लोकांत विलक्षण कल्पना असतात. गोळीच्या धक्क्यानें कांहीं जनावर मरत नाहीं. हृदय, फुप्फुसें किंवा मोठी रक्तवाहिनी फुटून रक्त गेलें, अथवा मज्जारज्जु तुटला, म्हणजे तें मरतें. काळ्या दारूच्या बंदुकीची गोळी सेकंदाला हजार ते दीड हजार फूट वेगानें निघते. आधुनिक रायफलीच्या गोळीचा वेग याच्या दुप्पट, कधीं त्याहूनहि अधिक असतो. ज्याला वेग नाहीं, त्यानें वजनावर आणि रुंदीवर काम भागवावें. मऊ शिशाची जड गोळी मांसांत शिरतांच थोडी चपटते, तिचा व्यास वाढतो, आणि तिनें पाडलेलें भोंक रुंद होतें; तरी वजन पुरेसें असल्यामुळें ती खोलवर जाते. कठीण गोळी तशीच गोल राहून पलीकडे निघून जाते. 'आरपार गेली' असें अभिमानानें सांगितलें जातें खरें. पण जनावर रानांत नाहींसें झालें असेल, तर त्या आरपारीचा उपयोग काय?

हा वाद जुना आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा मध्यप्रांताच्या जंगलांत वर्षानुवर्षें फिरलेला अधिकारी. १८६० नंतरच्या दशकांत त्यानें शिकारी रायफलीवर एक पुस्तकच लिहिलें, व त्यांत मोठ्या नळीची, भरपूर दारूची, गोल गोळीची बाजू मांडली. पीळ फार जलद असेल तर जोराच्या दारूपुढें गोळी पिळाला न जुमानतां सरळ सटकते, म्हणून पीळ अगदीं सावकाश ठेवावा, हें त्याचें म्हणणें आजहि गोल गोळीच्या रायफली करणारे मानतात. सर सॅम्युएल बेकर यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वाघासारख्या मऊ अंगाच्या जनावरास शुद्ध शिसें, आणि हत्तीसारख्या जाड कातडीच्या जनावरास कठीण केलेलें, असा भेद केला. हा भेद योग्य आहे. आपल्याकडच्या रानडुकराचें स्थान या दोहोंच्या मध्यें येतें. वयांत आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखालीं कुर्चेसारखी जाड ढाल असते, आणि हलकी गोळी तिच्यावरच चपटी होऊन थांबूं शकते. अशा वेळीं शिसें कठीण करण्याकडे मन धांवतें, पण बारा किंवा सोळा बोराच्या गोल गोळीला त्याची गरज पडत नाहीं. तिचें वजनच ती ढाल फोडतें. फारच वाटलें तर चाळीस भाग शिशाला एक भाग कथील पुरे.

वाईट निवड कोणती असेल तर ती छर्ऱ्यांची. डुकरावर छर्रे झाडण्याची खोड अनेक ठिकाणीं आहे. अंधारांत नेम धरावयास नको, एवढेंच तिचें कारण. छर्रा वजनानें कांहींच नाहीं, आणि वर सांगितलेला आठपटीचा हिशेब येथें उलटा लागतो. व्यास निम्मा झाला कीं वजन आठवा हिस्सा. वीस-पंचवीस छर्रे कातडींत घेऊन गेलेलें जनावर मरत नाहीं, सडतें. पीळ नसलेल्या नळीनें एकच मोठी गोळी घालावी, आणि पन्नास यार्डांपलीकडे बार टाकूं नये, याहून चांगला नियम या बंदुकीला नाहीं.

पिस्तुलाची गोष्ट थोडक्यांत सांगतां येण्याजोगी आहे. हिंदुस्थानांत पिस्तुलानें शिकार अशी कधीं रुजलीच नाहीं. हत्तीवरून वाघाची शिकार करणारे साहेब व संस्थानिक कमरेला दोन नळ्यांचें जाड पिस्तूल बाळगीत. त्याला हौद्याचें पिस्तूल म्हणत. वाघ हत्तीच्या मस्तकावर चढला तर हातभर अंतरावरून झाडावयाचें, एवढाच त्याचा उपयोग. तें ठासणीचें असे तेव्हां गोळी मऊच लागे. कोल्टच्या जुन्या, टोपीवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरचीहि तीच तऱ्हा होती: गोळी कोठीपेक्षां किंचित् मोठी असे, व दांडीनें आंत दाबतांना शिशाची एक बारीक कडी कातरून बाहेर पडे. ती कडी नीट पडली, म्हणजे गोळी घट्ट बसली. छापखान्याच्या खिळ्यांचें शिसें घालून हें करूं पाहणाऱ्याची दांडीच मोडेल.

काडतुसी रिव्हॉल्व्हर आल्यावर मात्र न्याय बदलला. तेथें गोळी चिंधीशिवाय सरळ पिळावर घांसत जाते, वेग वाढला कीं मऊ शिसें नळीला धरतें, आणि नेम बिघडतो. म्हणून त्यांत कथील व अँटिमनी मिसळून तें कठीण करतात. अमेरिकेंत पिस्तुलानें हरणें मारण्याचा छंद पुष्कळांना आहे. तेथील एल्मर कीथ या शिकाऱ्यानें ओतीव शिशाच्या, रुंद सपाट तोंडाच्या गोळीचा पुरस्कार केला. १९५५ सालीं बाजारांत आलेल्या चव्वेचाळीस मॅग्नम काडतुसाच्या मागें त्याचा आग्रह होता. त्याचें आवडतें मिश्रण सोळा भाग शिसें व एक भाग कथील असें होतें. म्हणजे तोहि फार कठीण शिशाचा भोक्ता नव्हता. नळी शिशानें माखली कीं दोष लगेच मऊपणाला दिला जातो. वस्तुतः बहुधा गोळी मापानें लहान असते, आणि तिच्या बाजूनें निसटणारे तप्त वायु शिसें वितळवून नळीला चिकटवतात. आधीं माप पहावें, मग शिसें. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळतो तो स्वसंरक्षणासाठीं, तेव्हां हा विषय येथेंच सोडलेला बरा.

मग बाजारांतलें शिसें ओळखावें कसें? सर्वांत सोपी परीक्षा नखाची. शुद्ध शिशावर नखानें ओरखडा उठतो. अँटिमनी मिसळलेल्यावर उठत नाहीं, किंवा जेमतेम उठतो. दुसरी परीक्षा कानाची. फरशीवर टाकलें असतां शुद्ध शिसें ओल्या मातीसारखें 'थप्' करतें, कठीण शिसें वाजतें. तिसरी गमतीची आहे. शिसपेन्सिलींत शिसें नसतें, ग्राफाइट असतें, हें शाळेंतला मुलगाहि सांगतो; शिशानें कागदावर करडी रेघ उमटते, म्हणून तें नांव पडलें. पण त्याच पेन्सिलीनें शिशाची परीक्षा होते. अगदीं मऊ, सहा बी छापाच्या पेन्सिलीचें टोंक शुद्ध शिशावर चर पाडूं शकतें. छापखान्याच्या खिळ्यांना एच छापाची कठीण पेन्सिल लागते. कारखान्यांत हेंच ब्रिनेलच्या मापानें सांगतात: शुद्ध शिसें चार-पांच, चाकावरचें दहा-बारा, लायनोटाइपचें वीस-बावीस.

या परीक्षांनीं पनवेलचा बाजार धुंडाळला, तर निवड फार थोड्या वस्तूंवर येऊन ठेपते. कोळ्याच्या पागाचे मणी बहुधा मऊ असतात, परंतु ते भंगारांतून ओतलेले असल्यामुळें प्रत्येक माळ नखानें तपासावी. लायनोटाइपच्या धातूंत शंभरांत ८४ भाग शिसें, १२ भाग अँटिमनी व ४ भाग कथील असतें. ठासणीच्या बंदुकीला तो अगदीं निरुपयोगी, मात्र दुसरें मऊ शिसें किंचित् कठीण करावयाला उत्तम. चाकांच्या तुकड्यांत चिमट्यानें ठोकलेले कठीण, तर चिकटवलेले जवळजवळ शुद्ध असतात. येथें एक नवीन अडचण उत्पन्न झाली आहे. हल्लीं असे तुकडे जस्ताचे व लोखंडाचेहि येतात. लोखंड वितळत नाहीं, वर तरंगतें. तें काढून टाकतां येतें. जस्त ४२० अंशांपर्यंत तरंगतें आणि त्यापुढें शिशांत विरघळून सारी पळी बिघडवतें. अशा धातूनें सांचा नीट भरतच नाहीं. कल्हईवाल्याचें कथील थोडेंसें घातलें तर याच्या उलट परिणाम होतो, गोळी गुळगुळीत व भरीव निघते. राहिली बॅटरी. बॅटरीचें शिसें कोणीहि घरीं वितळवूं नये. त्यांतील आम्ल, आणि पत्र्यांत मिसळलेल्या इतर धातूंपासून निघूं शकणारे विषारी वायु, यांपुढें गोळीचा प्रश्न क्षुल्लक आहे.

खरें तर कोणतेंहि शिसें स्वयंपाकघरांत वितळवूं नये. वितळत्या शिशांत पाण्याचा एक थेंब पडला, तर त्याची क्षणांत वाफ होऊन शिसें तोंडावर उडतें. भाजलेले डोळे परत येत नाहींत. पण हा धोका निदान दिसणारा आहे. न दिसणारा धोका वर येणाऱ्या करड्या सायीचा. ती शिशाची भस्में असतात. बोटांना लागतात, धोतराला लागतात, जमिनीवर पडतात, आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडांत जातात. मुलाच्या रक्तांत शिशाचें सुरक्षित असें प्रमाणच नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें स्पष्ट मत आहे. आपल्या देशानें पेट्रोलमधलें शिसें २००० सालीं बंद केलें तें याच कारणानें. तेव्हां उघड्या अंगणांत, वाऱ्याकडे पाठ करून, त्याच कामाला ठेवलेल्या लोखंडी भांड्यांत गोळी ओतावी. आणि त्या भांड्याला पुन्हां घरांत आणूं नये.

गोळी जनावरांत जाऊन बसली म्हणजे शिशाचें काम संपलें, असेंहि नाहीं. कॅलिफोर्नियांतील काँडोर नांवाचीं मोठीं गिधाडें १९८२ सालीं अवघीं बावीस उरलीं होतीं. त्यांच्या मरणाचें एक मोठें कारण शिकाऱ्यांनीं रानांत टाकलेल्या मांसांतलें शिसें, असें ठरल्यावरून तेथें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी झाली. पाणपक्षी दाणा म्हणून छर्रे गिळतात, यासाठीं सबंध अमेरिकेंत त्यांच्या शिकारींत शिशाचे छर्रे १९९१ पासूनच बंद आहेत. येथें ठासणीच्या बंदुकीच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. जलद रायफलीची गोळी मांसांत फुटून तिचा चुरा वीतभर पसरतो. सावकाश जाणारी मऊ गोल गोळी हाडावर आपटली तरी बहुधा एकसंध राहते.

आपल्याकडचीं गिधाडें १९९० नंतर संपलीं तीं शिशानें नव्हे, तर गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या औषधानें; तें जनावरांसाठीं २००६ सालीं बंद करण्यांत आलें. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत म्हसळें तालुक्यांतील चिरगांवीं थोडीं गिधाडें पुन्हां वसलीं आहेत. परवानगीनें मारलेलें डुक्कर कायद्यानें सरकारची मालमत्ता ठरतें. त्याचें मांस घरीं नेतां येत नाहीं, आणि तें रानांत कोल्ह्या-गिधाडांना टाकणेंहि बरें नाहीं. कित्येक जण तें जाळणें पसंत करतात. पण जाळल्यानें शिसें नाहींसें होत नाहीं, राखेंत राहतें. त्यापेक्षां वनखात्याच्या माणसासमक्ष छातीभर खोल खड्ड्यांत पुरावें, आणि खड्डा विहिरीपासून व ओढ्यापासून दूर घ्यावा.